उलट्या डोक्याचं तिकीट

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्यांनी स्मरणिकेसाठी तो थोडा आवरून दिला आहे.)



मघाशी माझी ओळख करून देताना ‘तिकिटांचे अभ्यासक’ असं म्हटलं गेलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका चिरंजीवांनी आईला विचारलं, “कसली तिकिटं? ट्रामची?” बाळा, ट्रामचीही माझ्याकडे आहेत बरं का! पण आज बोलायचं आहे ते टपालाच्या तिकिटांबद्दल. मी अभ्यासक वगैरे नाही. बँकेत जन्म गेला, तिथे सह्या ताडून पाहायची सवय लागली, आणि निवृत्त झाल्यावर तीच सवय तिकिटांकडे वळली. सही खरी की खोटी हे जसं एखाद्या वेलांटीवरून कळतं, तसंच तिकिटाचंही असतं.

या भाषणाला निमित्त आहे आपल्याच मंडळातले एक गृहस्थ. त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे, पण नाव सांगणार नाही. ते इथेच बसले आहेत, तेव्हा कोणी मागे वळून शोधू नये.

चार-पाच वर्षांपूर्वी, असाच उत्सव चालू असताना ते माझ्याकडे आले. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. म्हणाले, “अहो, जरा बघता का? आजोबांचा डबा आहे. यात एक तिकीट आहे, राणीचं डोकं उलटं छापलेलं. आजोबा सांगायचे, हे जपून ठेवा, वेळेला घर घेता येईल.” आणि मग जरा थांबून, “वेळ आली आहे.” मुलीचं शिक्षण होतं, फी भरायची होती, कर्जाला तारण नव्हतं. मी डबा उघडला. जाड पुठ्ठ्यावर घट्ट चिकटवलेलं, आठ कोन राखून कापलेलं एक तिकीट. बाहेर लाल चौकट, आत निळी राणी. राणी डोक्यावर उभी!

माझा हात थरथरला, हे कबूल करतो. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्या आशिया खंडातली पहिली टपाल तिकिटं निघाली सिंधमध्ये, १ जुलै १८५२ रोजी. ‘सिंध डाक’ म्हणतात त्यांना. काढली बार्टल फ्रिअर या सिंधच्या कमिशनरानं. साताऱ्याकडच्या मंडळींना हे नाव ठाऊक असेल. साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज १८४८ मध्ये वारले आणि राज्य खालसा झालं, तेव्हा तिथला रेसिडेंट हाच. पुढे १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नरही होता. पण सिंध डाक ही त्या प्रांतापुरतीच होती. साऱ्या ब्रिटिश मुलखात चालणारी तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाली, आणि ती छापली गेली या आपल्या कलकत्त्यात. आपण इथे तीन-तीन पिढ्या राहतो, पण ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

तोवर टपालाचा दर अंतरावर असायचा. जितकं लांब तितके पैसे जास्त. १८५४ च्या कायद्यानं अंतर रद्द केलं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो की पेशावरला. अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन. झालं. परमुलखात राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय, ते तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

कायदा झाला, पण तिकिटं छापणार कोण? लंडनकडे मागणी पाठवायची तर महिने जायचे. कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या कर्नल फोर्ब्ज यांनी सिंह आणि ताडाचं झाड असा एक सुरेख नमुना केला, पण हव्या तेवढ्या संख्येनं छापून देणं टांकसाळीच्या यंत्रांना जमेना. मग काम आलं सर्वे खात्याकडे, म्हणजे नकाशे छापणाऱ्या माणसांकडे. तिथले कॅप्टन हेन्री थुलियर यांनी ते अंगावर घेतलं.

नकाशे छापायचे ते शिळाप्रेसवर. आपल्याकडे गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातल्या जुन्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही छपाई ओळखीची वाटेल. चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर चिकट, तेलकट शाईनं आकृती उमटवायची, मग दगड ओला करायचा. पाणी रिकाम्या जागी बसतं आणि तेलकट रेषेला शिवत नाही. छापायची शाई मात्र त्या रेषेलाच धरते. एवढं साधं तत्त्व.

पहिला प्रयत्न झाला १८५४ च्या एप्रिलमध्ये. अर्ध्या आण्याचं तिकीट, लाल रंगात. चांगला हिंगूळ विलायतेहून आलेला होता, तो संपला. मग इथला देशी हिंगूळ वापरला, आणि त्यानं दगडावरची आकृतीच खाऊन टाकली. (आपण गणपतीला लावतो तो शेंदूर वेगळा, त्याला दोष देऊ नये!) छापलेले कागद रद्द झाले. ती तिकिटं विक्रीला आलीच नाहीत. संग्राहक त्यांना ‘साडेनऊ कमानींचं’ तिकीट म्हणतात, कारण बाजूच्या नक्षीत साडेनऊ कमानी मोजता येतात. नंतर निळ्या रंगात जे खरं तिकीट निघालं, त्यात कमानी आठ. म्हणजे एका रंगाच्या डब्यापायी हिंदुस्थानचं पहिलं तिकीट लालाचं निळं झालं. एक आण्याला लाल रंग पुढे जमला.

आता कोड्याकडे येऊ. लंडनचं काम व्यवस्थित असायचं. १८४० च्या काळ्या पेनीची शीट २४० तिकिटांची, बाराच्या वीस ओळी. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरं, पहिल्यात ए-ए आणि शेवटच्यात टी-एल. त्यामुळे सुटं तिकीट हातात आलं तरी ते शीटमध्ये कुठे होतं हे शाळकरी पोर सांगेल. कलकत्त्यानं अक्षरं घातली नाहीत. इथे अर्ध्या आण्याच्या शीटमध्ये ९६ तिकिटं, आठच्या बारा ओळी, सगळी दिसायला सारखी. ती कापून देशभर गेली. आणि दगडांचं काय झालं? शिळाप्रेसचा दगड घासून पुन्हा वापरतात. म्हणजे ज्यावरून तिकिटं छापली तो पुरावा पुसला गेला. उरली ती फक्त कापलेली, शिक्के मारलेली, पाण्यात भिजवून काढलेली तिकिटं.

मग शीट परत जुळवायची कशी? तर चुकांवरून. मूळ आकृती तांब्याच्या पत्र्यावर एकदाच कोरली होती. कोरणारा इथलाच कारागीर. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘नुमेरोदीन’ असं पडलं आहे. मूळ नाव मुनीरुद्दीन असावं असं मानतात. त्या तांब्यावरून खास कागदावर ठसा घ्यायचा, तो कागद दगडावर दाबायचा, असं पुन्हा पुन्हा करून दगड भरायचा. कागद जरा दुमडला की रेष तुटते. दाब कमी पडला की नाक पुसट होतं. मग कोणीतरी बारीक लेखणीनं ती रेष हातानं दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीत त्याचा हात उमटतो. कुठे अंबाड्यावरची एक रेष जास्त, कुठे गळ्यावर ठिपका. ही व्यंगं दगडावर पक्की होतात आणि त्या जागेच्या प्रत्येक तिकिटावर येतात. म्हणून जोडीनं उरलेली, पट्टीनं उरलेली तिकिटं शोधायची. एका पट्टीत क-ख-ग, दुसरीत ख-ग-घ, की क-ख-ग-घ जुळलं. लहान मुलांचे तुकडे जोडायचे चित्रकोडे असतात ना, तसं, फक्त तुकडे जगभर विखुरलेले आणि डब्यावरचं चित्र हरवलेलं.

हे काम लोकांनी जन्मभर केलं. १८९७ मध्ये फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९०७ मध्ये हाउसबर्ग, स्ट्यूअर्ट-विल्सन आणि क्रॉफ्टन या तिघांचं मोठं पुस्तक आलं. चार आण्यांच्या तिकिटावर १९३० मध्ये मार्टिन आणि स्मिथीज यांनी एक अख्खं पुस्तकच लिहिलं. एकट्या तिकिटावर! यातले स्मिथीज जंगलखात्यातले अधिकारी. झाडांवरचे डाग पाहून रोग ओळखणारा माणूस तिकिटांवरचे डाग पाहायला लागला, असं मी आपलं मनाशी म्हणतो.

हे चार आण्याचं तिकीटच आपल्या काकांच्या पुठ्ठ्यावर होतं. ते निघालं ऑक्टोबर १८५४ मध्ये, दोन रंगांत. त्याआधी स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरानं १८४५ मध्ये रंगीत तिकीट काढलं होतं. एकाहून जास्त रंगांच्या जगातल्या सुरुवातीच्या तिकिटांपैकी हे आपलं एक. सुरुवातीच्या शीटमध्ये फक्त बारा तिकिटं, चार-चारच्या तीन ओळी, मध्ये भरपूर जागा सोडून. पुढे एका शीटमध्ये चोवीस बसवली. आधी कागदावर लाल चौकटी छापायच्या, कागद वाळवायचा, आणि मग दुसऱ्या दगडावरून प्रत्येक चौकटीत निळं डोकं. पावसाळा नुकता सरलेला, कलकत्त्याची दमट हवा, वाळत घातलेल्या कागदांची चळत. त्या चळतीतला एखादा कागद कोणीतरी उलटा उचलला आणि तसाच प्रेसमध्ये सरकवला. चौकटी खाली डोकं वर पाय, राणी सरळ. आपण तिकीट चौकटीवरून सरळ धरतो म्हणून राणी उलटी दिसते. कामगाराच्या लक्षात आलं नाही, तपासणाऱ्याच्या आलं नाही, पोस्टातही कोणाच्या आलं नाही. तिकिटं विकली गेली, पत्रांवर लागली. आज जगात अशी पंचवीस-तीसच्या दरम्यान तिकिटं माहीत आहेत. त्यातली बहुतेक अष्टकोनी कापलेली, कारण चौकटच अष्टकोनी आणि कापणाऱ्याला कोपरे नको वाटायचे. चौकोनी, पूर्ण कागदासकट राहिलेली अगदी दोन-तीन.

आता कळलं असेल हात का थरथरला ते.

काका समोर बसले होते. काकूंनी चहा पाठवला होता तो तसाच निवला. मी भिंगातून पाहत होतो आणि ते माझ्या चेहऱ्याकडे. मी म्हटलं, “आठ दिवस द्या.” ते म्हणाले, “आठ काय, पंधरा घ्या. पण खरं तेच सांगा.”

तिकीट पुठ्ठ्याला इतकं घट्ट चिकटलेलं की पाठ दिसत नव्हती. उचलायचं नाही असं ठरवलं. उचलताना फाटलं तर मी जन्मभर तोंड दाखवू शकलो नसतो. मग समोरूनच जे दिसेल त्यावर भिस्त. बाराच्या शीटमधल्या बाराही चौकटी आणि बाराही डोकी त्यांच्या व्यंगांवरून ओळखता येतात. ते फोटो एका ज्येष्ठ संग्राहकांकडे होते. चार रात्री बसलो. चौकट जुळली सातव्या जागेशी. दुसऱ्या ओळीत तिसरी. मग डोकं. कागद फिरवून राणी सरळ केली आणि पुन्हा फोटोंशी ताडली. डोकंही सातवंच निघालं.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला. सात आणि सात, जुळलं! झोपायला गेलो आणि अंधारात उठून बसलो. मंडळी, जरा गणित करा. बारा खुर्च्या मांडल्या आहेत, चार-चारच्या तीन ओळी. डावीकडून मोजत पहिल्या ओळीत एक ते चार, दुसरीत पाच ते आठ, तिसरीत नऊ ते बारा. आता सगळी सतरंजीच खुर्च्यांसकट अर्धी फिरवली. एकच्या जागी कोण येईल? बारा. दोनच्या जागी अकरा, पाचच्या जागी आठ. दरवेळी बेरीज तेरा. म्हणजे कागद खरोखर उलटा गेला असेल, तर सातव्या चौकटीत सहावं डोकं यायला हवं. सातव्यात सातवं कधीच येणार नाही. तेरा ही विषम संख्या, तिचे दोन सारखे भाग होत नाहीत. सातव्या चौकटीत सातवं डोकं असतं ते फक्त नेहमीच्या, सरळ छापलेल्या तिकिटात.

म्हणजे काय झालं होतं? कोणीतरी साधं, चांगलं चार आण्याचं तिकीट घेतलं, बारीक पात्यानं राणीचं डोकं कापून काढलं, उलटं करून त्याच भोकात बसवलं, आणि मागून दिसू नये म्हणून पुठ्ठ्याला चिकटवलं. आजोबांना ते कोणी विकलं, केवढ्याला विकलं, ते आता कळायचं नाही.

सांगायला गेलो तेव्हा जिना चढवेना. बँकेत मी कर्ज नाकारलं आहे, चेक परत पाठवले आहेत, पण ते टेबलापलीकडून. इथे माणूस आपला. मी बाराच्या खुर्च्यांचं गणित त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा स्वतः मोजलं. मग म्हणाले, “भिजवा.” मी म्हटलं, “नको, तसंच राहू द्या, माझ्या हिशेबात चूक असली तर?” म्हणाले, “चूक असली तर कळेल. नाहीतर मी रोज रात्री तेरा मोजत बसेन.”

काकूंनी बशीत कोमट पाणी आणलं. जुना पुठ्ठा हळूहळू फुगला. वीस एक मिनिटांनी तिकीट सुटलं, आणि त्यापाठोपाठ राणीचं डोकं एकटंच वेगळं तरंगत वर आलं. कोणी काही बोललं नाही. त्यांची मुलगी दारात उभी होती. तिनं ती बशी उचलली, डोकं आणि चौकट टिपकागदावर शेजारी शेजारी ठेवली, आणि म्हणाली, “किती सफाईनं कापलं आहे!” फीचं पुढे जमलं. कर्जही मिळालं, बाकी मंडळातल्या दोघा-तिघांनी मिळून भागवलं. मुलगी आता नोकरीला आहे.

पण त्या दिवशी निघताना मी डबा पुन्हा चाळला. तळाशी एक घडी घातलेलं पत्र होतं, मोडीत लिहिलेलं. बाहेर अर्ध्या आण्याचं निळं तिकीट, ठिपक्यांच्या चौकटीनं रद्द केलेलं. चौकोनी कापलेलं, चारही बाजूंना कागद राखून, आणि पत्रावर जागच्या जागी. मी विचारलं, “याचं काय?” म्हणाले, “ते काय, सगळ्यांकडे असतं. आजोबा म्हणायचे त्याला किंमत नाही.”

आमच्यापैकी कोणाला मोडी येत नाही. फोटो काढून पुण्याला एका जाणकारांकडे पाठवले. पत्र साताऱ्याहून काशीला गेलेलं, १८५५ मधलं. काकांचे पूर्वज तेव्हा काशीला होते. तिथून पुढे ते इकडे आले. लिहिणारा धाकटा भाऊ. वडील वारले, अस्थी घेऊन माणूस निघाला आहे, तो पोचेल तेव्हा गंगेवर विधीची व्यवस्था व्हावी, आईची तब्येत बरी नाही. अर्ध्या आण्यात एवढं. जुन्या दरानं साताऱ्याहून काशीला पत्र धाडायचं तर त्या भावाला केवढे मोजावे लागले असते! आणि ते तिकीट छापलेलं इथलं. कलकत्त्याहून साताऱ्याला गेलं, तिथून काशीला, आणि मग घराण्याबरोबर बिस्किटांच्या डब्यात परत कलकत्त्याला.

जाता जाता एक सांगतो. ही इथली छपाई फार दिवस टिकली नाही. १८५५-५६ पासून लंडनच्या डी ला रू कंपनीकडे काम गेलं, आणि पुढची सत्तर वर्षं आपली तिकिटं विलायतेहून आली. १९२६ पासून ती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापायला लागली. लंडनची तिकिटं जास्त सुबक, यात वाद नाही. पण मला त्यांचा कंटाळा येतो. त्यांच्यात कोणाचा हात दिसत नाही.

काकांनी पत्रावरच्या तिकिटाची किंमत विचारली. मी सांगितली. फार नाही, पण त्या चौकटीपेक्षा नक्की जास्त. पत्राचं मराठी लिप्यंतर हातात होतं. ते त्यांनी पुन्हा वाचलं, घडी घातली आणि डब्यात ठेवलं. मी विचारलं, “विकायचं नाही?” म्हणाले, “आधी हे शीटमध्ये कुठलं होतं ते सांगा. मग बघू.”

तेव्हापासून मी शोधतो आहे. ९६ जागांपैकी सत्तरेक बाद केल्या. उरलेल्यांत अडलो आहे, कारण साताऱ्याच्या पोस्टातल्या माणसानं शिक्का नेमका राणीच्या अंबाड्यावर मारला आहे, आणि माझ्या हिशेबानं खूण असायला हवी ती तिथेच. काका दर रविवारी फोन करतात. “सापडलं का?” आजही आरतीच्या आधी विचारून झालं आहे.

सेक्रेटरी साहेब मघापासून घड्याळ दाखवत आहेत, आणि मुलांच्या नाटकाचा पडदा बांधायचा आहे. भिंग मी बरोबर आणलं आहे. ज्यांच्या घरी जुनी पत्रं असतील त्यांनी ती न भिजवता, न कापता, आहेत तशी घेऊन यावीत. रविवारी सकाळी मी घरीच असतो.